ते गाजरगवत नव्हते

१९९७ च्या सप्टेंबरात समुद्रपूर तालुक्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीच्या आवारातले सगळे गवत दोन दिवसांत कापून काढण्यात आले आणि उरलेल्या खुंटांवर तणनाशक मारण्यात आले. त्याच्या चार दिवस आधी एका दैनिकाच्या जिल्हा पानावर त्या गवताबद्दल आठ ओळींची बातमी आली होती. बातमीवर नाव नव्हते, ‘वार्ताहर’ एवढेच होते. तो वार्ताहर मी होतो.

भाद्रपद लागला की हे आठवते. या वर्षीही, म्हणजे २००९ मध्ये, वर्ध्याहून समुद्रपूरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही कडांना तरोटा फुलला आहे. गुडघाभर उंचीची झाडे, गोल पाने, पिवळी लहान फुले. सकाळी नऊनंतर ऊन तापू लागते, तशी त्या पिवळ्यावर पिवळी फुलपाखरे दिसू लागतात. दुरून पाहिले तर फूल उडाल्यासारखे वाटते. मध्येच सर येते, दहा मिनिटे पडते, थांबते. ओल्या मातीवरून गरम वाफ उठते आणि तरोट्याच्या पानांचा उग्र, थोडा कडवट वास गाडीच्या खिडकीतून आत येतो. या दिवसांत कपाशी कमरेला लागलेली असते. कीटकनाशकाच्या फवाऱ्याचा वास त्या वासात मिसळतो. हा मिसळलेला वास म्हणजे माझ्यासाठी भाद्रपद.

कापसातून सरकी वेगळी करणारी जिनिंग फॅक्टरी पावसाळ्यात बंद असते. कापूस येतो दसऱ्यानंतर. दिवाळी ते उन्हाळा एवढाच हंगाम. जून ते सप्टेंबर शेड रिकामे, गेटला साखळी, आत एक चौकीदार आणि एक फिटर. फिटर यंत्रे उघडून बसतो. रोलरवरच्या चामड्याच्या चकत्या बदलतो, सुऱ्यांना धार लावतो, पट्टे तपासतो. बाहेर मोकळे मैदान असते, कारण कापसाच्या गंजींना जागा लागते आणि एका गंजीची आग दुसरीला लागू नये म्हणून अंतर लागते. चार महिने त्या मैदानावर कोणी पाऊल ठेवत नाही. पाऊस पडतो आणि जे उगवायचे ते उगवते.

त्या मैदानाकडे मी एसटीच्या खिडकीतून पाहिले होते. एवढेच पाहिले होते.

तेव्हा मी तालुक्याचा वार्ताहर होतो. बातम्या हाताने लिहायच्या, पाकिटात घालायच्या आणि दुपारच्या गाडीच्या कंडक्टरजवळ द्यायच्या. वर्ध्याला कार्यालयातला शिपाई स्टँडवर येऊन पाकीट घ्यायचा. पाकिटात किमान चार बातम्या असाव्यात, असा उपसंपादकांचा दंडक होता. त्या दुपारी माझ्याकडे तीन होत्या. शाळेच्या छताची, पोळ्याच्या बक्षिसांची आणि ग्रामसभेची. गाडी लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून माझ्याकडे पाहत होता.

“भाऊ, देता का पाकीट, का निंगू?”

“दोन मिनिटं.”

“तुमची दोन मिनिटं मले मालूम हायेत. मागच्या खेपेले डायवरनं चहा पेला, पान खाल्लं, तरी तुमचं लिवनं चालूच होतं.”

स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बसून मी चौथी बातमी लिहिली. तिचा मजकूर मला पाठ आहे.

‘जिनिंगच्या आवारात गाजरगवताचे साम्राज्य. येथून जवळच असलेल्या जिनिंग फॅक्टरीच्या आवारात गाजरगवताचे साम्राज्य पसरले असून याकडे व्यवस्थापनाचे दुर्लक्ष होत आहे. गवतामुळे साप, विंचू व डासांचा प्रादुर्भाव वाढला असून परिसरातील नागरिकांचे आरोग्य धोक्यात आले आहे. हंगाम तोंडावर आला असताना आगीचाही धोका नाकारता येत नाही. गवताची तातडीने विल्हेवाट लावावी, अशी मागणी नागरिकांतून होत आहे.’

ही वाक्ये मी रचली नव्हती. ती तयारच असतात. गवत असले की साम्राज्य असते. साम्राज्य असले की दुर्लक्ष असते. दुर्लक्षानंतर नागरिक येतात आणि त्यांची मागणी असते. प्रत्येक तालुक्याचा वार्ताहर पावसाळ्यात अशी एक तरी बातमी पाठवतो. ती छापली जाते, कारण तिच्यावर कोणी हरकत घेत नाही. गवत खुलासा पाठवत नाही.

नंतर मी ती बातमी तपासली, जशी दुसऱ्याची बातमी तपासतात तशी. कोणत्याही नागरिकाने मागणी केली नव्हती. मी कोणाला विचारले नव्हते. साप मी पाहिला नव्हता, विंचू नाही, डासही नाही. गवत ओले होते, त्यामुळे त्या महिन्यात आगीचा प्रश्न नव्हता. आणि ते गाजरगवत नव्हते. तिथे तरोटा होता. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे होते. खाली केना होता, निळ्या फुलांचा, आणि कुंपणाकडे चिकणा आणि एकदांडी. गाजरगवताची मोजकी झाडे गेटजवळ असतील. मी खिडकीतून पाहताना गाडीचा वेग किती होता, ते सांगता येणार नाही.

आठ ओळींपैकी खरे एवढेच होते की ती फॅक्टरी येथून जवळ होती.

बातमी छापून आली त्या दिवशी मला बरे वाटले होते. हेही नोंदवले पाहिजे.

दसऱ्याला जिनमध्ये यंत्रांची पूजा असते. मला बोलावणे आले. गेटमधून आत गेलो तर मैदान ओळखू येईना. शेडच्या तीन बाजूंना हिरवळ लावली होती. नागपूरहून आणलेले गवताचे चौकोनी तुकडे एकाला एक लावलेले, त्यांचे जोड अजून दिसत होते. कडेने विटा तिरप्या रोवून त्यांना गेरू आणि चुना दिला होता. पश्चिमेच्या भिंतीलगत उंच अशोकाची रोपे रांगेत. झेंडूची फुले यंत्रांवर होती. जमिनीवर एकही फूल नव्हते.

धाकटे शेठ पेढ्यांचा खोका घेऊन पुढे आले. तीन पिढ्यांपासून याच तालुक्यात व्यापार असलेले घर. माणूस सज्जन होता.

“भाऊ, तुमच्या पेपरनं आमचे डोळे उघडले. मले तं वाटे, जिन म्हटलं का गवत आलंच. वडिलांनी बातमी वाचली अन् मलेच बोलले. म्हने, लोक काय म्हनतीन? दोन पेढे घ्या. नाई, दोन घ्या.”

मी दोन घेतले.

फिटर नामदेवराव शेडच्या दारात उभे होते. सगळे त्यांना नामदेवभाऊ म्हणत. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. नखांमध्ये ग्रीस, कपाळावर पूजेचे कुंकू. त्यांनी मला हाताने बोलावले.

“या, तुमाले मागचं दाखवतो.”

आम्ही पश्चिमेच्या भिंतीकडे गेलो. त्यांच्या चपलांखाली नवे गवत दबत होते आणि दबलेलेच राहत होते.

“इथं तरोटा होता,” ते म्हणाले. “या भिंतीपासून त्या टाकीपर्यंत. तुमी म्हनान, तरोटा तं रस्त्यानंबी हाय. हाय. पन रस्त्याच्या तिकडं कपाशी हाय, अन् कपाशीवर दर आठ दिवसाले फवारा हाय. चारी बाजूनं फवारा. मंग फुलावरच्या माशीनं जावं कुठी? ते इथं येत होती.”

मग त्यांनी आपली पद्धत सांगितली. ती सांगताना ते यंत्राबद्दल सांगावे तसे बोलत होते, आधी काय, मग काय. आवारातले गवत ते कधीच एकदम कापत नव्हते. रस्त्याकडचे आणि शेडभोवतीचे गणपती उठले की कापायचे, विळ्याने, हळूहळू. गंजी पूर्वेला लागत, म्हणून पूर्व आधी मोकळी. पश्चिमेची पट्टी शेवटी. दिवाळी झाली, बी खाली पडले, पाने पिवळी पडू लागली, की गवत पूर्ण वाळायच्या आत ती कापायची. म्हणजे आगीची भीती नाही आणि पुढच्या वर्षीचे बी जमिनीत. टाकीजवळ जुन्या लाकडी फळ्यांचा ढीग होता. तो ते हलवू देत नसत. त्या फळ्यांना बोट जाईल एवढी भोके पाडून मोठे काळे भुंगे राहत.

“शेठले मी कधी सांगतलं नाई. काय सांगनार? भुंग्यासाठी फळ्या ठेवल्या म्हनून? माह्यावर हासले असते.”

“फळ्या कुठे गेल्या?”

“पेटवल्या. लॉनवाल्यायनं चहा केला.”

भिंत खांद्याएवढी होती. पलीकडे एक एकराचा मळा. मांडवावर कारली, जमिनीवर कोहळ्याचे वेल, म्हणजे पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात तो. वेल हिरवेगार होते. पानाआडून एक बाई उठून उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात विळा. या कौसल्याबाई. नवरा हिंगणघाटला सूतगिरणीत होता, मळा त्या एकट्याच पाहत.

“नामदेव, कोन हाय रे तो? पेपरवाला का?”

“होय वहिनी.”

“मंग त्याले म्हन, माह्या कोहळ्याचंबी लिव. गवत छापून येते तं कोहळं काऊन नाई येत?”

नामदेवभाऊ हसले. कौसल्याबाई हसल्या नाहीत.

“पाहा ना भाऊ,” त्या मला म्हणाल्या. “येल पाहा, काय भरला हाय. फूल पाहा. अन् फळ? दोन दिवस राह्यते, पिवळं पडते, गळून पडते. असं कधी झालं नाई. एकदाच झालतं, पाचेक साल झाले. तवा यानं सारं गवत पोळ्यालेच कापून टाकलं होतं. मी या भिंतीवरूनच त्याच्याशी भांडली. म्हटलं, माह्या वावरातले मजूर तुह्या गवतात राह्यतेत, त्याईले घराबाहेर काऊन काढलं? तवापासून तो ठेवे.”

हे सगळे भिंतीवरून, दोन माणसांत, तोंडी ठरलेले होते. एका बाजूने गवत राखायचे, दुसऱ्या बाजूने कधी काकडी, कधी कारली भिंतीवर ठेवायची. कागद नव्हता, फलक नव्हता. बाहेरच्या माणसाला दिसले असते ते एवढेच, की आवाराच्या मागे गवत माजले आहे.

परत येताना नामदेवभाऊंनी विचारले, “कोनं लिवलं असन हो ते? तुमच्याच पेपरात आलं.”

मी म्हणालो, “कधी कधी नागपूरच्या कार्यालयातून परस्पर लागतं.”

“बरं,” ते म्हणाले. थोडे चालून म्हणाले, “मंग तुमी एक लिवा ना. आठच ओळी. का भाऊ, त्यातलं थोडं राहू द्या, मांगचं. शेठ पेपरचं ऐकते. माहं नाई ऐकनार.”

“पाहतो,” मी म्हणालो.

त्या ऑक्टोबरातल्या सकाळी मला आठवतात. सगळ्या नाहीत, तीनच. मी सायकलने त्या मळ्यात गेलो होतो. बातमीसाठी माहिती गोळा करतो आहे, असे स्वतःला सांगत होतो. साडेसहाला दव इतके असे की चपलांचे पट्टे भिजत. कोहळ्याचे फूल पहाटे उमलते. पिवळ्या रंगाचे, तळहाताएवढे, आत गरम वाटावे असे. नऊ-साडेनऊला ते मिटते आणि पुन्हा उमलत नाही. जे व्हायचे ते तेवढ्या वेळात व्हावे लागते.

कौसल्याबाई एक फूल खुडत. त्याच्या पाकळ्या सोलून काढत. मधला पिवळ्या पुडीचा दांडा मोकळा करून तो दुसऱ्या फुलाच्या पोटात अलगद फिरवत.

“हा नवरदेव,” त्या म्हणाल्या. “लांब दांडीचा, उगाच मिरवनारा. अन् हे नवरी. दांडीले खाली गोळा दिसते ना, ते. पह्यले माशा लगीन लावत, बिन दक्षनेच्या. आता मीच भटजी.”

“किती लावता रोज?”

“जेवढी दिसतीन. पन भटजी एक, नवऱ्या येवढ्या, अन् मुहूर्त ऊन चढे तोवरचा. कंबर मोडते. तुमी काऊन उभे हा? खुडा एक. नाई नाई, ते नवरी हाय! तुमाले एवढंबी नाई दिसत? पेपरात कसे हा तुमी?”

मी पाच-सहा फुले केली. बोटांना पिवळी पूड लागली. ती सायकलच्या मुठीवर उतरली. आजूबाजूला शांतता होती. मळ्यात सकाळी शांतता असावी असे मला वाटत होते. कौसल्याबाईंनीच सांगितले की ही शांतता नवी आहे. त्या पट्टीत तरोटा होता तेव्हा या वेळी भुंग्यांचा आवाज भिंतीच्या इकडे ऐकू येत असे, दूर कुठे जिन सुरू असल्यासारखा.

मी केलेल्या फुलांपैकी किती धरली, ते पाहायला मी पुन्हा गेलो नाही.

बातमी मी लिहिली नाही. लिहायची तर पहिली बातमी चुकीची होती, हे आधी लिहावे लागले असते. म्हणजे खुलासा. खुलासा उपसंपादकांमार्फत जातो. ते विचारतात, माहिती कोणाकडून घेतली होती. ती मी कोणाकडूनच घेतली नव्हती आणि वार्ताहराचे ओळखपत्र त्या वर्षीच मिळाले होते. हे कारण आहे. ते पुरेसे नाही, हे मला तेव्हाही माहीत होते.

बातमी लिहिली नाही, पण फोटो पाठवला. नोव्हेंबरात धाकट्या शेठनी पुन्हा बोलावले आणि हिरवळीपुढे उभे राहिले. ‘उद्योगाच्या आवारात फुलली हिरवळ’ अशी ओळ मी फोटोखाली लिहिली. त्या हिरवळीत फुलण्यासारखे काही नव्हते. दर आठवड्याला तिच्यावरून यंत्र फिरत असे. फोटो दोन कॉलमात लागला.

२००० साली माझी बदली वर्ध्याच्या कार्यालयात झाली, मग मीच उपसंपादक झालो. तालुक्यांची पाकिटे आता माझ्या टेबलावर येत. पुढे पाकिटे गेली, फॅक्स आला, मग संगणक. मजकूर बदलला नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात कुठल्या तरी तालुक्यातून गवताचे साम्राज्य येईच. मी वार्ताहराला फोन करून विचारत असे, “कोणतं गवत? आत जाऊन पाहिलं का?” बहुतेकांनी ते रस्त्यावरूनच पाहिलेले असे. त्या बातम्या मी लावल्या नाहीत. कारण कोणाला सांगितले नाही. कार्यालयात यावरून माझी थट्टा होत असे. ‘साहेबांचं गवतावर प्रेम आहे,’ असे म्हणत. मी ती थट्टा चालू दिली.

समुद्रपूरकडे जाणे मी टाळले नाही. कामासाठी जात होतो. त्या भिंतीकडे जाणे टाळले. बसमध्ये उजव्या बाजूला बसायचो, जिन डाव्या बाजूला येते.

एवढे करूनही भाद्रपदातल्या काही गोष्टी टळत नाहीत. महालक्ष्म्यांच्या जेवणात आमच्याकडे कोहळ्याची भाजी असते. फोड गोड लागते. ताटात ती आली की माझे जेवण थोडा वेळ थांबते. बायकोने पहिल्या वर्षी विचारले, तिखट झाली का? मी नाही म्हणालो. खरे कारण तिला मी २००८ साली सांगितले. कौसल्याबाईंना सांगून आल्यावर.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मी गेलो. जिन बंद पडून काही वर्षे झाली होती. शेठच्या घराने जागा विकली होती, शेडमध्ये आता गोदाम होते. मळ्यात मात्र कौसल्याबाई होत्या. केस पांढरे, पण आवाज तोच. मांडव नव्हता, वेल नव्हते. भिंतीपासून पलीकडच्या बांधापर्यंत सोयाबीन उभे होते.

त्यांनी मला ओळखले नाही. मी ओळख दिली. मग सांगितले. अकरा वर्षे जुळवत असलेले वाक्य होते, ते लहान निघाले. “काकू, ती गवताची बातमी मीच लिहिली होती.”

“मालूम हाय,” त्या म्हणाल्या.

मी बांधावर टेकलो.

“नामदेवनं त्याच दसऱ्याले सांगतलं. म्हने, त्यालेच इचारलं मी, तं तो खाली पाहून राह्यला. मी म्हटलं, मंग तोंडावर काऊन नाई बोलला तू? म्हने, बोललो असतो तं लिवलं नसतं त्यानं. आता लिवन. लाजेनं लिवन.” त्यांनी सोयाबीनमधले एक तण उपटले, बांधावर फेकले. “दिवाळीवरी रोज पेपर पाह्यला त्यानं. चहाच्या टपरीवर जाऊन. चहा नाई प्यायचा, पेपर पाह्यचा, अन् यायचा. दिवाळीनंतर तुमचा फोटो आला, लॉनचा. मंग सोडलं.”

“नामदेवभाऊ कुठे असतात?”

“निवृत्त झाला अन् पोरीकडं बल्लारशाले गेला. दोन साल झाले, वारला.” त्या माझ्याकडे पाहत होत्या. “तुमी पेपरात हा ना? तुमच्या पेपरात नाई आलं?”

आमच्या जिल्हा पानावर ते आले नव्हते.

कोहळी त्यांनी १९९८ आणि ९९ ला लावून पाहिली. हाताने धरवलेली फळे घरापुरती होत, बाजारापुरती नाही. मग कंबर धरली. मग सगळ्यांनी लावले तसे सोयाबीन. “सोयाबीनले माशी नाई लागत,” त्या म्हणाल्या. “भटजीबी नाई लागत. आपलं आपन धरते.”

मी विचारले, पट्टी पुन्हा राखली तर कोहळी लावाल का?

“कोन राखन? तो गेला ना राखनारा.”

गोदामाच्या व्यवस्थापकाला मी दुसऱ्या दिवशी भेटलो. तिशीतला तरुण, वर्ध्याचा, नम्र. हिरवळ केव्हाच गेली होती. दोन उन्हाळ्यांत पिवळी पडली, मग टँकर परवडेना. आता आवारात दर पावसाळ्यात तणनाशक मारत. पश्चिमेची पट्टी उघडी, तपकिरी होती. अशोक उंच झाले होते.

मी त्याला पद्धत सांगितली. एकदम कापायचे नाही. शेडलगतचे आधी, भिंतीलगतचे दिवाळीनंतर, वाळायच्या आत. फवारा नाही. थोडी जागा उघड्या मातीची, थोडे जुने लाकूड. सांगताना माझ्या लक्षात आले की मी शब्दही नामदेवभाऊंचेच वापरतो आहे. त्याने सगळे ऐकून घेतले.

“सर, मला काहीच हरकत नाही. माझे आजोबा पण बांधावर थोडं सोडत होते. पण खरं सांगू का? गवत वाढलं की पेपरवाले लगेच फोटो काढतात. मग हेड ऑफिसला उत्तर मला द्यावं लागतं.” मग त्याला मी कोण ते आठवले असावे. “म्हणजे, तुमच्या पेपरबद्दल नाही म्हणत मी.”

“आमच्याच पेपरबद्दल म्हणा,” मी म्हणालो.

मार्ग त्यानेच काढला. फलक लावू, म्हणाला. लोकांना कळले की मुद्दाम ठेवले आहे, की कोणी काही म्हणत नाही. मजकूर मी लिहिला. ‘या पट्टीतले गवत मुद्दाम राखले आहे. ते तरोटा, कुर्डू, केना, चिकणा व एकदांडी आहे. फुलांवर येणाऱ्या माशा शेजारच्या शेताला लागतात. दिवाळीनंतर कापले जाईल.’ त्याला खाली कंपनीचे नाव मोठे हवे होते. मला नामदेवभाऊंचेही नाव हवे होते. पत्र्यावर जागा एकाचीच होती. कंपनीचे नाव आले.

या वर्षीच्या पावसाळ्यात त्या पट्टीवर फवारा मारलेला नाही. जूनमध्ये मी दोनदा जाऊन आलो. आधी काही उगवले नाही. जुलैत केना आला. मग जमिनीत कुठे बी उरले होते कोणास ठाऊक, तरोटा आला, विरळ, पूर्वीच्या निम्म्यानेही नाही. कुर्डूची थोडी झाडे. एकदांडी भिंतीच्या कडेने. टाकीजवळ मी वखारीतून आणलेल्या चार जुन्या फळ्या ठेवल्या. त्यांना अजून एकही भोक नाही.

काल सकाळी सातला मी तिथे होतो. फुलपाखरे नव्हती, ऊन आले नव्हते. तरोट्यावर एक काळा भुंगा आला. फुलाला लटकून त्याने घर्रर्र आवाज केला आणि दुसऱ्या फुलावर गेला. मी तो पंधरा मिनिटे पाहिला. आणखी लहान माशा होत्या, त्यांची नावे मला माहीत नाहीत.

भिंतीपलीकडे सोयाबीन पिवळे पडू लागले आहे. भिंतीलगत हातभर पट्टा सोडून कौसल्याबाईंनी या पावसाळ्यात कोहळ्याचा एक वेल लावला आहे. मला त्यांनी आधी सांगितले नव्हते. वेल भिंतीवर चढला आहे.

“या भाऊ,” त्या पलीकडून म्हणाल्या. “पाह्यलं का? का आजबी गाडीतूनच पाहून निंगाल?”

मी भिंतीवरून डोकावून पाहिले. वेलावर दोन कोहळी आहेत, एक नारळाएवढे, एक त्याहून लहान. मोठे कोहळे कौसल्याबाईंनी फुलात असतानाच हाताने धरवले होते. लहान्याच्या फुलाला आपण हात लावला नव्हता, असे त्यांनी सांगितले.